वाळूच्या पट्ट्यावरचं भरीत

समुद्राच्या काठी उभं राहिल्याशिवाय माणसाला आपली मर्यादा कळत नाही. हे वाक्य आमच्या शिक्षणसंस्थेच्या सचिवांचं आहे. धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या शाळेच्या पटांगणावर, सकाळी सहा वाजता, सुरू बसच्या धुरात उभ्या असलेल्या नववीच्या अडतीस मुलामुलींना त्यांनी ते तीनदा ऐकवलं. सचिवांना सगळे नाना म्हणतात. नानांनी समुद्र त्याआधी एकदाच पाहिला होता, मुंबईतल्या एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवरून, आणि तेव्हा खाली पंगत बसल्याची हाक आल्यामुळे ते लगेच उतरले होते.

मला हसायचा अधिकार नाही. मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवतो. भरती-ओहोटीचा धडा आला की फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढतो, निळ्या खडूने पाण्याचा फुगवटा दाखवतो आणि पौर्णिमा-अमावस्येला तो सर्वांत मोठा असतो हे दोनदा म्हणून घेतो. प्रत्यक्ष समुद्र मी दोन वेळा पाहिला होता, दोन्ही वेळा अर्धा-अर्धा तास, भेळ खात. अर्ध्या तासात समुद्र फारसं काही करत नाही.

सहल पालघरकडच्या एका खाडीकाठच्या निसर्ग उद्यानाची होती. तिथे तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, जंगल आहे, जंगलातून लाकडी पूल आहे, पक्षी आहेत. तारीख नानांनी काढली. संस्थेचं कुठलंही काम ते चांगला दिवस पाहूनच करतात, आणि त्यांनी पौर्णिमा काढली. या निर्णयाला शाळेत एकच माणूस हरकत घेऊ शकला असता. तो भूगोल शिकवत होता आणि त्याने घेतली नाही.

मुली मिळवणं अवघड गेलं. मुलांचे बाप सही करून मोकळे होतात, मुलींचे बाप प्रश्न विचारतात. मनीषाचे वडील नरडाण्याजवळच्या गावातून मुद्दाम शाळेत आले. नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, घरची थोडी शेती आहे. मोठी मुलगी आठवीनंतर घरी बसवली आहे. मनीषा रोज एसटीने ये-जा करते, वर्गात कमी बोलते आणि नकाशात नद्या बरोबर भरते. त्यांनी संमतीपत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, सही केली आणि कागद हातातच धरून म्हणाले, "सर, पोर तुम्हना भरोसावर धाडी ऱ्हायनू."

"काळजी करू नका, भाऊ."

"काळजी नही. सांगी ठेवस. मोठीनी शाया आठवीमाच बंद व्हयनी. हिले काही व्हयनं, ते हिनी बी बंद."

मी मान हलवली. तेव्हा ते मला जुन्या वळणाचं वाटलं. पुढे सहलीच्या दोन दिवसांत त्या वाक्याचा प्रत्येक शब्द मला आठवत राहिला.

पहिला दिवस

प्रवासाविषयी सांगण्यासारखं फार नाही. घाटात अकरा मुलांना उलट्या झाल्या, त्यात बसचा क्लीनर धरला तर बारा. नाना स्वतःच्या गाडीतून मागे होते आणि प्रत्येक चहाच्या टपरीवर आमच्या पुढे निघत होते. बसच्या टपावर आमचा आचारी सुकलालभाऊ याने कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे सहा भारे बांधले होते आणि आत माझ्या पायाशी पहूरहून त्याच्या मेव्हण्याने पाठवलेल्या हिरव्या वांग्यांची दोन पोती होती. खानदेशी माणूस हिवाळ्यात घराबाहेर पडला की भरीत करणार. आणि भरीत गॅसवर होत नाही, कपाशीच्या काड्यांवरच होतं, या मुद्द्यावर सुकलालभाऊ कोणाचंही ऐकत नाही. पुऱ्या मुलांनी घरून आणल्या होत्या. कळण्याची पुरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, दोन दिवस सहज टिकते.

संध्याकाळी साडेपाचला पोचलो. उद्यानाच्या दारातून समोर पाहिलं. काठापासून लांबवर चिखल आणि वाळू, मध्ये एक पायाचे घोटे भिजतील एवढा नाला, नाल्यापलीकडे वाळूचा उंच पट्टा, आणि त्याच्याही पलीकडे, पार टोकाला, चकाकणारी एक रेघ.

"सर, समुद्र कोठे शे?" मागून एकाने विचारलं.

"ती रेघ."

"इतलासाच?"

सोनवणे मॅडम, आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका, म्हणाल्या, "आपल्या पांझरेसारखंच दिसतंय हो. पाणी कमी, पात्र जास्त."

हे त्यांनी सहज म्हटलं, पण आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. आमच्याकडे नदीचं पात्र वर्षातले आठ-नऊ महिने जमीनच असतं. मुलं तिथे क्रिकेट खेळतात, लोक बाजार भरवतात, भरीत पार्ट्या तर हमखास पात्रातच होतात. पाणी यायचं असेल तर आधी धरणातून सोडल्याची बातमी येते, भोंगा वाजतो, पोलिसांची गाडी फिरते. न सांगता येणारं पाणी आम्हाला ठाऊक नाही.

दाराशी लोखंडी खांबांवर एक मोठा फलक होता. नानांना आमचं बॅनर लावायला तसेच दोन खांब हवे होते. बॅनर बारा फुटी. त्यावर 'सागर-संवाद : भावी पिढीची निसर्गाकडे झेप' असं लिहिलेलं, एका कोपऱ्यात समुद्र आणि उरलेल्या जागेत नाना. दोघा मुलांनी ते फलकावरून ताणून बांधलं, फोटो निघाले. तेवढ्यात उद्यानाचा रक्षक घरी जायला निघाला. बॅनर मागच्या दोरीने घट्ट बसलं आहे ना, हे नाना फलकाच्या मागे जाऊन तपासत होते, त्यामुळे त्याची आणि त्यांची भेट झाली नाही. दाराकडे वळूनही न पाहता तो मला म्हणाला, "उद्या दहाला उघडतं. आत आग नाही, जेवण नाही. बाकी सूचना दारावर लिहिल्यात, वाचून घ्या." मी म्हटलं, वाचतो.

सुकलालभाऊला आग नको म्हटल्यावर फार लागलं.

"उद्यानमा चालाव नही म्हणस ना तो? मंग उद्यानना बाहेर ते चाली?"

"बाहेर कुठे?"

त्याने वाळूच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. जागा सुंदर होती. कोरडी, मोकळी, वारा, समोर समुद्र. मला पटली. नानांना तर इतकी पटली की सकाळची 'सागर-शपथ' तिथेच घ्यायची असं त्यांनी जाहीर केलं.

आम्ही गावातल्या एका शाळेच्या वर्गात झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी सातला येऊन पाहिलं. पाण्याची रेघ काल होती तिथेच होती. संध्याकाळी तिथे, सकाळीही तिथे, म्हणजे ती तिथेच असते, असा निष्कर्ष मी काढला. मधल्या तेरा-चौदा तासांत ते पाणी काठापर्यंत येऊन परत गेलं होतं. आम्ही झोपलो होतो, त्यामुळे ते आमच्या हिशेबात धरलं गेलं नाही. वाळू ओली होती. मॅडम म्हणाल्या, समुद्राकाठी दव जास्त पडतं.

नाला ओलांडून पट्ट्यावर गेलो. काड्या पेटल्या, वांगी धगधगत्या जाळावर गेली, साली काळ्या पडल्या, आणि त्या खारट वाऱ्यात आमच्या शेतातला वास आला. सुकलालभाऊने मुसळीने वांगी ठेचली, मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात टाकली. मुलं कोंडाळी करून बसली. मी भरपूर जेवलो हे कबूल करायला हवं. नाना उभ्याने जेवले, कारण त्यांनी शपथेसाठी पांढरे कपडे घातले होते.

साडेनऊला नानांनी मुलांच्या चार रांगा केल्या. तोंडं समुद्राकडे, उजवे हात पुढे. नाना रांगांसमोर, पाठ समुद्राकडे. मी शेवटच्या रांगेच्या मागे. "आम्ही भावी पिढीचे शिल्पकार..." नाना म्हणत, मुलं मागोमाग म्हणत.

मनीषा मागच्या रांगेत होती, कारण ती नाल्यावर पातेलं विसळून उशिरा आली होती. तिने मान वळवली आणि हळूच म्हणाली, "सर, मांगे पाणी ई ऱ्हायनं."

मी मागे पाहिलं. नाला होता. नाल्यात पाणी होतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

ती थांबली नाही. "सर, मघाशी विसळतांना पाणी समुद्राकडे जाई ऱ्हायनं व्हतं. आते तिकडथून ई ऱ्हायनं."

नानांनी शपथ थांबवून आमच्याकडे पाहिलं. "शिस्त," ते म्हणाले. मी तिला म्हटलं, "संपू दे."

शपथेचे अजून सहा परिच्छेद होते. मी ते सहाही ऐकले. घड्याळ पाहिलं नाही, पण नंतर हिशेब केला तर चार मिनिटं होतात. एकोणीस वर्षं फळ्यावर निळा फुगवटा काढणाऱ्या माणसाला एक मुलगी सांगत होती की प्रवाहाची दिशा बदलली आहे, आणि तो तिला गप्प करून 'शिल्पकार' ऐकत होता.

शपथ संपवली ती नानांनी नाही. काठावरून एक बाई ओरडली. साठीची असेल. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पाठीला टोपली, हातात लांब लोखंडी सळई. ती खाडीत शिंपल्या गोळा करते हे नंतर कळलं.

"ओ मास्तर! समुद्राकडं काय बघताय? पानी मागून भरतंय! पोरं काढा तिथनं!"

आम्ही सगळे एकदम वळलो. ज्या नाल्यात सकाळी घोटे भिजले होते तो आता तिप्पट रुंद होता, तपकिरी, आणि ओढ घेऊन वाहत होता. समोरची चकाकती रेघ अजून बऱ्यापैकी लांब होती. आमच्या आणि जमिनीच्या मध्ये मात्र पाणी होतं. आम्ही उभे होतो ते बेट होतं आणि ते लहान होत चाललं होतं.

कोणीही रडलं नाही, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. मुलं माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "दप्तरं राहू द्या. चला." मग आमच्या मुलांनी तेच केलं, जे खानदेशातलं कुठलंही पोर नदी ओलांडताना करतं. सगळी खाली बसली, बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधल्या आणि बूट गळ्यात अडकवले. मीसुद्धा.

ती बाई एव्हाना पाण्यात उतरून आमच्यापर्यंत आली होती. तिने माझ्या गळ्यातले बूट पाहिले. "हे काय? बूट घाला! खाली कालवांचे, शिंपल्यांचे दगड हायत, पाय चिरतील. दगडावरनंच जायचंय, बाजूला गाळ हाय, मांडीपर्यंत गिळतो. घाला म्हनते ना!"

अडतीस मुलं पुन्हा खाली बसून ओल्या नाड्या सोडू लागली. गाठी सुटेनात. सुकलालभाऊ कांदा कापायच्या सुरीने नाड्या कापत फिरला. पाणी त्या वेळात गुडघ्यापासून मांडीपर्यंत गेलं.

"उंच पोर, बुटकं पोर, उंच पोर," बाईने हुकूम सोडला. "मनगट धरा, हात नको. मी पुढं. माझ्या पावलावर पाऊल."

नाना म्हणाले, "मी शेवटी थांबतो. जहाजाचा कप्तान..."

"तुमी मधी या," बाई म्हणाली. "तुमी जड हाय, पोरं धरून ऱ्हातील."

नाना मध्ये आले. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो, की त्या पूर्ण वेळात ते एक शब्द बोलले नाहीत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मुली त्यांना खांबासारखं धरून होत्या.

साखळी हलली. पायाखाली दगड लागत, त्यांच्या कडा बुटातूनही कळत. मध्यावर पाणी माझ्या कमरेला होतं, म्हणजे बुटक्या मुलांच्या छातीला. मी शेवटचा होतो. माझ्यापुढे एक मुलगा, त्याच्यापुढे मनीषा, तिच्यापुढे सोनवणे मॅडम. मी ओठांत आकडे मोजत होतो. एकतीस, बत्तीस. मनीषाचा पाय दगडावरून घसरला. मॅडमच्या हातातून तिचं मनगट निसटलं, मग त्या मुलाच्या हातातूनही, आणि ती पाण्याबरोबर गेली. ओरडली नाही. दोन वेण्या दिसल्या, मग एक.

मी तिच्यामागे उडी घेतली असती. घेतली असती असं मी म्हणतो. पहिलं पाऊल टाकलं तेच गाळात गेलं. बाई पुढून ओरडली, "मास्तर, जागचा हलू नको! तू गेलास तर ह्या पोराला कोन धरील?" माझ्यापुढचा मुलगा एकटा उभा होता, दोन्ही हात रिकामे. मी त्याला धरलं.

मग बाई मनीषाकडे वळून ओरडली, "पोरी, पाय उचल! उभी राहू नको, आडवी हो! पानी काठालाच नेतंय तुला! झाड आलं की धर!"

भरतीचं पाणी आत येतं. ते माणसाला समुद्रात नेत नाही, खाडीत नेतं. हेही मी शिकवतो. त्या क्षणी मला फक्त तिच्या वडिलांच्या हातातला कागद दिसत होता. तिवरांच्या वळणामागे ती दिसेनाशी झाली. पुढचे पंधरा दगड मी कसे पार केले ते आठवत नाही. काठावर पोचलो, मोजलं. सदतीस.

बाई टोपली टाकून काठाकाठाने पळत गेली, मी मागे. पन्नास-साठ पावलांवर, चिखलातून वर आलेल्या एका तिवराच्या फांदीला मनीषा दोन्ही हातांनी आणि एका पायाने लटकून होती. गुडघा सोलला होता. एक बूट नव्हता. बाईने सळई पुढे केली, तिने ती धरली आणि आली.

"आडवी झालीस ना?" बाईने विचारलं.

"व्हय, आजी."

"शानी हायस."

मनीषाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, मी सांगं व्हतं तुमले." तक्रारीचा सूर नव्हता. वर्गात बरोबर उत्तर दिल्यावर खाली बसायच्या आधी थांबतात, तशी ती थांबली होती.

दहाला रक्षक आला. त्याने अडतीस ओली मुलं पाहिली, नानांचे कपडे पाहिले, आणि म्हणाला, "दारावर भरतीच्या वेळा लिहिल्यात. पट्ट्यावर जाऊ नका असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचलं नाही का?" आम्ही दाराकडे पाहिलं. दारावर नाना होते. सुकलालभाऊने सुरी काढून बॅनरच्या दोऱ्या कापल्या. फलक मोठा होता, अक्षरं खरोखरच मोठी होती, आणि भाषा मराठीच होती.

उद्यान पाहायची वेळ ठरलेली होती, म्हणून आम्ही उद्यान पाहिलं. मनीषाच्या गुडघ्याला पट्टी बांधून, तिच्या पायात रक्षकाच्या कार्यालयातली जुनी चप्पल घालून. लाकडी पुलावर तिथल्या माहिती देणाऱ्या मुलीने सांगितलं की तिवराची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात, आणि हे झाड वादळात किनाऱ्याला धरून ठेवतं. मनीषाने हात वर केला. "फांदी पण तुटत नाही," ती प्रमाण मराठीत म्हणाली. दुपारी एकला पाणी पुलाच्या फळ्यांखाली वीतभर होतं. वाळूचा पट्टा, काड्यांची राख, दप्तरं आणि उरलेलं भरीत यांपैकी काहीच दिसत नव्हतं.

परत आल्यावर

बसमध्ये चढण्याआधी नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, घरी घाबरवण्यात अर्थ नाही. अहवालात लिहा, विद्यार्थ्यांनी भरतीचा प्रत्यक्ष अनुभव घेतला."

"नाना, एक मुलगी वाहून गेली."

"आणि परत आली. अहवाल परत आलेल्यांचाच असतो."

अहवाल मी लिहिला, घडलं तसा. नानांनी तो फाइलला लावला आणि दुसरा स्वतः लिहिला. पण त्याआधी, रविवारी, मी नरडाण्याला उतरून मनीषाच्या गावी गेलो. वडील पाळी संपवून आले होते. ओट्यावर बसलो. चहा आला, तो मोठ्या मुलीने आणला. मनीषा दाराआड होती, तिची टाच चौकटीपाशी दिसत होती.

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "पोर सांगे, तिनी तुमले आधीच सांगं व्हतं."

"हो."

"आनि तुम्ही चूप बसाडी तिले."

"हो, भाऊ. चूक माझी. तिची नाही."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला. मग विचारलं, "पाय उचल म्हणीसन कोणी सांगं?"

"एका बाईने. तिथलीच होती. शिंपल्या गोळा करते."

"आनि हिनी आयकं?"

"लगेच."

"घरमा ते कोणंच आयकस नही," ते म्हणाले. दाराआडची टाच मागे सरकली.

मी शाळेबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला, "देखू," म्हणाले, आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत कापसाच्या भावाखेरीज काही बोलले नाहीत.

सोमवारी हजेरी घेताना मनीषाच्या नावाला उत्तर आलं नाही. मी नाव पुन्हा घेतलं. दुपारच्या सुट्टीत मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. नरडाण्याची एसटी आली आणि गेली.

मंगळवारी तिसऱ्या तासाला, मी फळ्याकडे तोंड करून उभा असताना, मागून "येऊ का, सर?" ऐकू आलं. पायात नवे बूट होते, मापापेक्षा मोठे. ती आपल्या बाकावर जाऊन बसली. मी सगळ्यांच्या नकाशाच्या वह्या तपासायला मागितल्या. तिने आणलेली नव्हती; वडील 'जाय' म्हणाले ते त्याच सकाळी, असं तिने सांगितलं.